पुढच्या खोलीतली कॅपिटल अक्षरं

मी न्हाणीत होती, तेवढ्यात अंकुरनं माझे छापखान्याचे खिळे, म्हणजे छपाईची अक्षरं, भंगारवाल्याले दाखवून टाकले. मशीन जुनं, खिळे शिशाचे, आई थकली, असं दारातच सांगितलं म्हणे. भंगारवालाच समजदार. "काकूले विचारून येतो," म्हणून निघून गेला. म्हणून हे मृत्युपत्र आजच.

लिहून ठेवणार मी, माणिकबाई देवीदास धर्माळे, वय छप्पन्न, शिक्षण चौथी, राहणार राजापेठ, अमरावती. डोकं ठिकाणावर आहे, डॉक्टरचा दाखला जोडला आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणून पाहावा.

१. मागच्या दोन खोल्या व स्वयंपाकघर मुलगा अंकुर यास.

२. दीर गोवर्धन यांस काही नाही. नेलेली शिडी त्यांनी ठेवून घ्यावी.

३. पुढची खोली, छपाईचं मशीन व कॉपरप्लेट गॉथिक या इंग्रजी वळणाचे खिळे एकाच्याच नावे जातील, वेगळे करू नयेत. खिळे आमच्या ह्यांनी अकोल्याहून आणले. हे वळण शंभरावर वर्षांआधी अमेरिकेत निघालं, असं हे सांगत. त्यात लहान लिपी नाहीच. थोरली कॅपिटल अन् धाकटी कॅपिटल. अक्षराच्या टोकाला बारीक काटा, म्हणून बारीक छापलं तरी कोपरा ठसठशीत उठते. वकिलांची कार्डं, डॉक्टरांचे कागद यातच निघाले. लग्नपत्रिका मराठीत, पण नवरदेवाची डिग्री इंग्रजी कॅपिटलातच पाहिजे. डिग्री नसली तर 'बी.ए. अपिअर्ड'. अंकुरच्या पत्रिकेवरचं मीच जुळवलं. पोरगं अजून अपिअर्डच आहे.

अंकुर म्हणते, "आई, हे अक्षर मोबाइलमंधी फुकट भेटते." भेटते ना. तुयी सासूबी व्हिडिओवर भेटते, तरी पुरणाची पोळी खायले तू अंजनगावलेच जातं.

४. अंकुरला ती खोली मोबाइलच्या दुकानासाठी पाहिजे. घ्यावी. पण खिळे वितळवायचे नाहीत, अन् त्यावर छपाई चालू ठेवायची. कबूल नसेल तर खोली, मशीन, खिळे सून रूपाली हिला. तिला विचारलं, तर म्हणे, "आत्याबाई, खिळ्यायच्या खणातली धूळ रोज मीच काढून राहिली. तुमाले दिसत नाही काय?" दिसते. तोंडावर बोलणं होत नाही, म्हणून इथं लिहिलं.

माणिकबाई देवीदास धर्माळे
साक्षीदार: नत्थुजी वानखडे, चंदा भुयार
राजापेठ, अमरावती. ४ नोव्हेंबर २०२५

ता. क. अंकुर, कलम चार वकील रविवारी पक्कं करणार आहेत. खिळ्यांसकट खोली घेतं, का रूपालीचं नाव टाकू? शनिवारी दिवा लागायच्या आत सांग. बायकोजवळ निरोप नको देऊ, स्वतः ये.