येतो आम्ही

बिशान, सिंगापूर
४ फेब्रुवारी १९९६

प्रिय मधुरा,

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. उत्तराला उशीर केला म्हणून आधी मनसोक्त रागावून घे, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. प्रबोध गेल्यापासून तू इतकं लांबलचक पत्र पहिल्यांदाच लिहिलंस, ते मी दोनदा वाचलं. तुझी भाची आता कशी दिसते, काय खाते, मराठी कितपत बोलते, जूनमध्ये शिकायला पुण्याला आली की तुझ्या घरात रुळेल का, असं सगळं तू विचारलंयस. अगं, तिची आई नीता इथे धडधाकट असताना तू हे मला विचारतेस! पण बरोबर आहे तुझं. आई स्वतःच्या मुलीबद्दल खरं सांगेलच असं नाही, आणि तुझा भाऊ बोटीवरून काय सांगणार? रुचिरला तन्वी अजून तिसरीतच आहे असं वाटतं. तेव्हा मीच सांगते. फक्त सरळ रेषेत सांगणं मला जमत नाही, हे तुला कॉलेजपासून माहीत आहे.

तर आधी माझा उद्योग, जो मी तुला कधी नीट सांगितलाच नाही. आमच्या ब्लॉकच्या मागे एक ज्युनिअर कॉलेज आहे, म्हणजे आपली अकरावी-बारावी. बाजारातून येताना माझा रस्ता त्यांच्या बास्केटबॉल कोर्टाच्या कुंपणाला लागून जातो. दोन वर्षांपूर्वी एकदा मुलींचा सराव चालला होता आणि एक मुलगी चेंडूकडे बघत ड्रिबल करत होती. माझे पाय तिथून हलेनात. हातात भेंडीची पिशवी घेऊन मी तोंडातल्या तोंडात ‘मान वर, मान वर’ करत उभी. त्यांची कोच मिस गोह ही पन्नाशीला टेकलेली, बुटकी, टोपीशिवाय कधी न दिसणारी बाई. ती कुंपणापाशी आली आणि मी पूर्वी खेळलेय का म्हणून विचारलं. मी चपला घालूनच चेंडू टाकून दाखवला. पहिले दोन रिंगलाही लागले नाहीत. तिसरा पडला, आणि चौथा टाका म्हणायच्या आत मी पिशवी उचलून घरी आले. दुसऱ्या दिवसापासून मी तिथे ‘आंटी’ झाले.

आता माझं खरं काम आहे मुली शोधायचं. मोठी कॉलेजं उंच आणि नावाजलेल्या मुली आधीच पळवतात. आमच्यासारख्यांनी मग दहावी आटपलेल्या पण कुणाच्याच डोळ्यांत न भरलेल्या मुली हुडकायच्या. थोड्या जागा खेळासाठी ठेवायची कॉलेजला मुभा असते. मधुरा, मला या कामाचं असं वेड लागलंय की आमचे पद्माकर म्हणतात, आता पोलीस येऊन तुला विचारतील, बाई, तुम्ही लोकांच्या मुली काय न्याहाळता? पण मला खरंच कुतूहल वाटतं. आपण खेळाडू आहोत हे त्या मुलीला कळायच्या आधी बघणाऱ्याला कसं कळतं? हॉकर सेंटरला जेवायला बसले तरी माझं लक्ष ताटात नसतं. गरम सूपचा ट्रे घेऊन गर्दीतून जाणारी मुलगी ट्रेकडे बघते की माणसांकडे? बसने ब्रेक मारला की दांडी शोधते की गुडघे वाकवते? नेटबॉल खेळलेल्या मुली झेल सुरेख घेतात, पण चेंडू हातात आला की जागच्या जागी उभ्या राहतात, कारण त्यांच्या खेळात चेंडू घेऊन पळायला बंदी. त्यांचे पाय सुटे करण्यातच आमचे कितीतरी दिवस जातात.

मुलगी सापडली की तिच्या घरी जायचं. आयांचा पहिला प्रश्न ठरलेला, ट्यूशनचं काय? एका बाईंनी विचारलं, उन्हात खेळून मुलगी काळी तर नाही ना होणार? मग त्यांची नजर माझ्यावर पडली आणि त्या इतक्या ओशाळल्या की माझा कप भरलेला असताना पुन्हा चहा ओतायला लागल्या. मला राग नाही आला. माझ्या आईनेही प्रताप सरांना हेच विचारलं होतं. आठवतात ना सर? आपली बास्केटबॉलची भरती ते खो-खोच्या मैदानावरून करायचे. पाटीत बसलेल्या मुलीला खो मिळाला की ती उठते कशी आणि वळते कशी, तेवढंच बघायचे. खो मिळायच्या आधीच तुझ्या टाचा उचललेल्या असायच्या, म्हणून त्यांनी तुला उचललं. मला का उचललं, तर मी तुझ्या शेजारी बसले होते. हे तू मला आयुष्यभर ऐकवलंस, आता घे, मीच लिहून देते.

आणि आता तन्वी. संक्रांतीचं हळदीकुंकू यंदा नीताकडे चोआ चू कांगला होतं. तन्वीला मी लहानपणापासून बघतेय, पण गेली दोन वर्षं ती दहावीच्या अभ्यासात बुडालेली. भेटली की चष्मा, हातात पुस्तक आणि ‘हॅलो मावशी’, यापलीकडे काही नाही. त्या संध्याकाळी बसमधून उतरून मी नीताच्या ब्लॉककडे निघाले, तर खालच्या कोर्टावर शेजारपाजारची मुलं खेळत होती. एक मुलगी माझ्याकडे पाठ करून उभी होती. चेंडू तिच्याकडे यायला निघाला होता, पोचला नव्हता, आणि तिच्या टाचा उचलल्या गेल्या. मी साडीच्या निऱ्या धरून रस्त्यातच थांबले. ती तुझी पाठ होती गं. चेंडू हातात येईतो कुणाला द्यायचा हे तिचं ठरलेलं होतं, आणि तो मुलगा जिथे उभा होता तिथे तिने दिलाच नाही, तो जिथे पोचणार होता तिथे दिला. मग ती वळली, नाकावरचा चष्मा सावरला, तेव्हा कळलं की ही आपली तन्वी.

तिने तुला कधी खेळताना पाहिलेलं नाही. तू खेळ सोडलास त्यानंतर कितीतरी वर्षांनी ती जन्मली. घरात तुझा त्या काळचा फोटोसुद्धा नाही, मी नीताला विचारलं. मग तिच्या पायांना हे सांगितलं कुणी? मी याच विचारात तिळगूळ खाल्ला, उखाणे ऐकले, आणि वाण काय मिळालं ते घरी येऊन पिशवी उघडल्यावर पाहिलं.

ती तुझ्याकडे यायची आहे हे मला माहीत होतं. तरी मी मिस गोहला तिच्याबद्दल सांगितलं. आपल्या जिभेला हाड नाही, दुसरं काय! तन्वी दोनदा येऊन आमच्या मुलींबरोबर खेळली. मिस गोह तोंडाने कुणाचं कौतुक करत नाही. तिने शिट्टी खिशात टाकली आणि नुसती बघत राहिली. मग नीताला कॉलेज बघायला बोलावलं. जागा आहे, मार्चमध्ये निकाल लागला की प्रवेश पक्का, अभ्यासाकडे आम्ही लक्ष देऊ, असं सगळं मिस गोहने समजावलं. नीता ‘छान आहे, बघू’ म्हणत राहिली. त्या ‘बघू’चा अर्थ तुला-मला कळतो. रुचिरने पुणं ठरवलंय, तो मेपर्यंत बोटीवर, आणि त्याच्या माघारी ती काही बदलणार नाही.

घोटाळा झाला तो निघताना. रुचिर समुद्रावर असला की नीताच्या घरात ‘जाते’ हा शब्द कुणी उच्चारायचा नाही, हे तू जाणतेस. शाळेत जाताना तन्वीसुद्धा ‘येते’ म्हणूनच बाहेर पडायची. पण त्या दिवशी ती इथल्या मुलींच्या सवयीने म्हणून गेली, ‘वी गो फर्स्ट आह, मिस गोह.’ इथे निरोप असाच घेतात. नीताने तिचा दंड धरला आणि मिस गोहकडे बघून ठासून म्हणाली, ‘नॉट गो. वी विल कम.’ मला आपलं नेहमीचं ‘येतो आम्ही’ ऐकू आलं. मिस गोहने ऐकलं ते असं की मुलगी विषय तसाच सोडून निघाली होती, आईने तिला थांबवलं आणि होकार दिला. जिचं नावच गोह, तिला आपण ‘येतो’ म्हणून जातो हे कसं कळावं? तिने नीताचा हात दोन्ही हातांत धरून हलवला. नीताला वाटलं, बाई किती अगत्याची आहे!

दुसऱ्या दिवशी मिस गोहने नीताला फोन करून आभार मानले. तन्वीचं नाव प्रिन्सिपलना दिलंय, सात नंबरची जर्सी शिवायला टाकलीय, असंही सांगितलं. नीताने लगोलग मला फोन लावला. आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईतो हसलो. हसून झाल्यावर मी म्हटलं, काळजी करू नकोस, भाषेचा गोंधळ झाला म्हणून मी मिस गोहला समजावते. तर नीता म्हणाली, ‘ताई, एवढ्यात नका सांगू तिला.’

नीता किती काटेकोर आहे तुला ठाऊक आहे. दुकानदाराने चुकून जास्त सुटे दिले तर परत जाऊन देणारी बाई. ती एवढी मोठी चूक तशीच राहू देते, याचा अर्थ काय? मला तेव्हापासून चैन पडेना. रुचिरचा पुण्याचा हट्ट तरी कशासाठी? तो सांगतो, मराठी सुटेल, पुढे इंजिनिअरिंगला पुणंच बरं. मराठी काही सुटलेली नाही, हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मोडकंतोडकं बोलते, पण लाजत नाही. आणि इथली कॉलेजं काय वाईट आहेत? नीताला जास्त खोदून विचारणं बरं दिसेना, म्हणून परवा सराव झाल्यावर मी तन्वीलाच उसाचा रस प्यायला घेऊन गेले. येत्या शनिवारी वुडलंड्सची नवी रेल्वे लाईन सुरू होतेय, मग चोआ चू कांगहून तुला थेट बिशानला येता येईल, असं मी मुद्दामच काढलं. ती स्ट्रॉ चावत बसली. मग तिच्या त्या खिचडी भाषेत म्हणाली, ‘मावशी, आत्या एकटी आहे व्हॉट. बाबा कान्ट गो, सो आय गो लाह. ओके वन.’

‘व्हॉट’, ‘लाह’ ही इथल्या इंग्रजीची नुसती शेपटं, आणि ‘ओके वन’ म्हणजे चालेल मला; तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. आपण सोळाव्या वर्षी आदळआपट केली असती, ही रस संपवून ग्लास जागेवर ठेवून आली. मला भडभडून आलं. प्रबोध गेला तेव्हा रुचिर ब्राझीलच्या वाटेवर होता, मेहुण्याच्या तेराव्यालाही पोचू शकला नाही. ते त्याच्या मनातून गेलेलं नाही. स्वतः तुझ्याजवळ राहू शकत नाही म्हणून तो मुलीला पाठवतोय, आणि तुला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून मराठीचं आणि इंजिनिअरिंगचं नाव पुढे करतोय. घरात तिघांनाही हे माहीत आहे, पण एकमेकांत कुणी बोलत नाही. तुझ्यावर सगळ्यांचं प्रेम आहे गं, त्यातूनच हे झालंय.

आता हे सगळं मी का लिहितेय ते सांगते. तू पत्राच्या शेवटी लिहिलंस की तन्वीसाठी प्रबोधचं कपाट रिकामं केलं. त्या कपाटाला तू कुणाला हात लावू देत नव्हतीस. ते वाक्य वाचून मी पत्र मिटून ठेवलं, आणि उत्तराला उशीर झाला तो त्यामुळेच. तरीही तुझ्याकडे मागते. रुचिरला तू लिही, की तन्वीला पाठवू नकोस. कारण तुला सुचेल ते दे, माझं नाव घालू नकोस. दुसऱ्या कुणाचं तो ऐकणार नाही. नीता त्याला सांगायची नाही, आणि तन्वी तर जन्मात सांगायची नाही. मला ती संघात हवी आहे, हा माझा स्वार्थ आहेच, तो मी लपवत नाही. पण ती फार चांगली खेळते मधुरा, तुझ्याहूनही चांगली, आणि इतकं मी दुसऱ्या कुणाबद्दल म्हटलं नसतं. तुझ्या घरात संध्याकाळी बोलायला कुणी नाही हे मला कळतं, आणि तसंच राहा असं सांगणारी मीच, हेही कळतं. हे पत्र मी लिहिलंय हे इथे कुणालाच माहीत नाही. तुला नाही जमलं तर नको लिहूस. मग जूनमध्ये मी स्वतः तिची बॅग भरायला जाईन, तिला विमानात बसवून येईन, आणि मी तुझ्याकडे काय मागितलं होतं हे तिला कधीही कळू देणार नाही.

तू रागावलीस तरीही तुझीच,
संजीवनी