रोज एक जोडी

३ जून
संकल्प. आजपासून रोज इंग्रजी शब्दांची एक जोडी पक्की करायची. दिसायला जुळी भावंडं, पण अर्थाने एकमेकांचं तोंड न पाहणारी. कारण आमच्या पत्रव्यवहार विभागाचे मॅनेजर महिनाअखेर निवृत्त होतायत. लिफ्ट बसवणाऱ्या या कंपनीत त्यांच्या जागेला लायक माणूस एकच. नाव लिहीत नाही, आत्मस्तुती वाईट.
त्या जागेला केबिन मिळते. केबिनला दार असतं. माझं टेबल नोकरीला लागल्यापासून बाथरूमला चिकटून. जाणारा प्रत्येक जण आपली फाइल माझ्यापुढे ठेवून आत जातो आणि ओल्या हाताने उचलून नेतो.

४ जून
डिक्शनरी कपाटावर. स्टुलाचा पाय मोडलेला. अडत नाही. पोहता येणारा कमरेला डबा बांधत नाही. अर्थ तर्काने काढीन.

७ जून
दोन दिवस सर्दी. आजची जोडी: चाइल्डिश आणि चाइल्डलाइक. 'लाइक' म्हणजे सारखा, म्हणजे नक्कल. अस्सल निरागस तो चाइल्डिश.
लगेच उपयोग झाला. साहेबांचे वडील ऑफिसात आले होते. कंपनी त्यांनीच काढलेली. किती निरागस माणूस! शिपायाचीसुद्धा विचारपूस. मी सगळ्यांसमोर उठून म्हणालो, "सर, युवर फादर इज व्हेरी चाइल्डिश."
साहेबांचे कान लाल. वडिलांबद्दल कोणी मनापासून बोललं की माणूस हेलावतोच.
संध्याकाळी कन्येला सांगितलं. म्हणाली, "बाबा, चाइल्डिश म्हणजे पोरकट!" हल्लीच्या कॉलेजांचा दर्जा घसरलाय.

११ जून
एका इमारतीत आमची लिफ्ट दुरुस्तीला. पर्याय म्हणून जिना वापरा, अशी नोटीस मी काढली. ऑल्टर्नेटिव्ह हा शब्द उगाच लांब. शेपूट छाटलं. "प्लीज यूज ऑल्टर्नेट स्टेप्स." सुटसुटीत.
दुपारी चौथ्या मजल्यावरच्या एका आजोबांचा फोन. एक पायरी सोडून एक चढायचं म्हणता, पण माझ्या गुडघ्यांचं काय?
लोकांना साधं इंग्रजी कळत नाही, त्याला मी काय करणार. साहेबांनी माझी नोटीस उतरवायला लावली आणि बोलघेवड्याकडून साध्या मराठीत लिहून घेतली. बोलघेवडा म्हणजे माझ्या पलीकडच्या टेबलावरचा. दिवसभर फोनवर ग्राहकांशी हसत असतो. इंग्रजीशी त्याचं हाडवैर. असली किरकोळ कामं त्याच्याकडे गेली, याचा अर्थ मला मोठ्या कामासाठी मोकळं ठेवलंय.

१८ जून
अभ्यास नाही. पाहुणे.
हिने विचारलं, साहेबांकडे जागेचा विषय काढलात का? म्हटलं, लायक माणसाने मागायचं नसतं. म्हणाली, "रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही." हिला ऑफिसातलं काही कळत नाही.

२४ जून
ऐतिहासिक दिवस!
सकाळीच जोडी पाडली: डिसइंटरेस्टेड आणि अनइंटरेस्टेड. एकीचा अर्थ निःस्वार्थी, दुसरीचा रस नसलेला. कुठली कुठली? तर्क. डिसमिस, डिसीज, डिझास्टर. 'डिस'ने सुरू झालेल्याचं कधी भलं झालंय? तेव्हा चांगला अर्थ 'अन'चाच.
अकराच्या सुमारास साहेबांनी आत बोलावलं. म्हणाले, तुम्ही सगळ्यांत सीनियर, मॅनेजरच्या जागेबद्दल तुमचं मन काय? मला वाटतं, निःस्वार्थीपणा दाखवायची अशी संधी पुन्हा येत नाही. ताठ बसून म्हणालो, "सर, आय ॲम टोटली अनइंटरेस्टेड."
"नक्की?"
"टोटली, सर."
साहेब खुर्चीत रेलले. मोठा सुस्कारा सोडला. माझा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाले, "माझ्या डोक्यावरचं ओझं उतरवलंत तुम्ही." मला गहिवरून आलं.
घरी येताना केबिनच्या दारासाठी पितळी पाटी सांगून आलो.

२६ जून
बोलघेवडा मॅनेजर झाला.
तो साहेबांसमोर जाऊन म्हणे एवढंच म्हणाला, "सर, मला ती जागा पाहिजे." ना प्रस्तावना, ना शैली.
खुर्चीवर चढलं की कपाटावर हात पोचतो, हे आज कळलं. डिक्शनरी काढली. धूळ झटकली. 'अन' पाहिलं. मग 'डिस'. मग पुन्हा 'अन', छपाईची चूक असेल म्हणून.
पाटीवाल्याचा फोन आला. उचलला नाही.

२७ जून
साहेबांकडे गेलो. म्हटलं, शब्दाची जरा गल्लत झाली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "अहो, दोनदा विचारलं होतं. आता ऑर्डर निघाली." वाईट त्यांनाही वाटलं असावं. चहा मागवला.
टेबलाशी परतलो तर समोर नव्या मॅनेजरची फाइल. तो आत गेलेला.

२८ जून
संध्याकाळी हिला सगळा घोळ सांगितला. 'डिस' कसं, 'अन' कसं, इंग्रज लोक मुळातच कसे बेभरवशाचे. ही शेंगा सोलत ऐकत होती. मग म्हणाली, "ते इंग्रजी राहू द्या हो. तुम्हाला जागा हवी होती की नव्हती?"
उठून माठाकडे गेलो. पाणी प्यायलो.
"हवी होती," मी म्हणालो. "फार हवी होती."
हिच्या हातातली शेंग तशीच राहिली. कन्या आतल्या खोलीतून दारात येऊन उभी राहिली.
ही म्हणाली, "एवढं छान बोलता येतं तुम्हाला."