पाळण्याच्या पट्ट्या आणि बेगिमायचा अंगठा

सोमवार, ९ मार्च
घडले ते असे:
१. दुपारी माझी मुलगी बेगिमाय रडली. वय पाच महिने.
२. मी उकळून ठेवलेली चोखणी तिने थुंकली. सहाव्यांदा.
३. सासूबाईंनी, म्हणजे आपांनी, मेंढीच्या शेपटीच्या चरबीचा तुकडा काडीला बांधून तिला चोखायला दिला.
४. ती झोपली.
यावरून काहीही सिद्ध होत नाही. चरबी घशात अडकू शकते, हे मी शांतपणे सांगितले. आपा म्हणाल्या, "तुझा नवरा यावरच वाढला, सूनबाई. अडकला का कुठे?"
पुढच्या सोमवारी मला मीटर तपासणीच्या लॅबमध्ये पुन्हा रुजू व्हायचे आहे. तोवर मुलगी माझ्याशिवाय झोपायला हवी. सात दिवस भरपूर झाले.

मंगळवार, १०. सकाळी ६
चोखणी रद्द. अंगठा उत्तम: पडत नाही, उकळावा लागत नाही. पण बेशिकमध्ये, म्हणजे आमच्याकडच्या जुन्या पद्धतीच्या लाकडी पाळण्यात, बाळाचे हात पट्ट्यांनी बांधलेले. अंगठा तोंडात जाणार कसा? इतक्या पिढ्यांत हे कोणाच्या लक्षात आले नाही. मी पट्ट्या सोडल्या. आपांनी बांधल्या. मी सोडल्या. माझा नवरा उलान म्हणाला, त्याला ऑफिसला उशीर होतोय. त्याचे ऑफिस नऊला उघडते.

बुधवार, ११
पट्ट्या मुळापासून काढल्या. आपांना सांगितले, मुलगी माझी आहे. त्या म्हणाल्या, "बरं. मग रडणंही तुझंच." पिशवी भरून नणंदेकडे गेल्या. मी रागावलेली नाही. फक्त नोंद करते आहे.

गुरुवार, १२
अंगठा डोळ्यात गेला, कानात गेला. तोंडात एकदाच, चुकून, तीच दचकली. रडणे दोन तास दहा मिनिटे. कालच्यापेक्षा पाच मिनिटे कमी. सुधारणा स्पष्ट.

शुक्रवार, १३
चोखणी पुन्हा लागू, तात्पुरती. थुंकली. उलानने विचारले, आईला फोन करू का? मी म्हणाले, प्रयोग अर्धवट सोडत नाहीत. तो बहिणीकडे जेवून आला. तृप्त दिसत होता. हे मी विसरणार नाही.

शनिवार, १४
पट्ट्या परत बसवायला घेतल्या. दर वेळी एक पट्टी उरते. काढण्याआधी फोटो घेतला नव्हता. याच चुकीसाठी लॅबमध्ये मी नव्या लोकांना झापते.
अक्षर वाईट आहे, कारण डाव्या हाताने लिहिते आहे. आपांना पाठवलेला मेसेज:
"आपा, पट्ट्या धुऊन ठेवल्या आहेत. मला बांधता येत नाहीत. चरबी नको, हे मत कायम आहे. बाकी तुम्ही म्हणाल तसे. बेगिमाय आत्ता झोपली आहे, माझा उजवा अंगठा चोखत. सोमवारी आठ वाजता तो मला कामावर न्यावा लागेल. येणार की नाही, रविवारी दुपारी बारापर्यंत कळवा."