उभ्या गाडीची बॅटरी

माय, तुझी गाडी पुन्हा बंद पडली. याआधी किल्ली फिरवली की निदान टकटक व्हायचं, या वेळी तेवढंही झालं नाही. समोरच्या घड्याळाचे आकडे विझलेले. बॉनेट उघडलं तर बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी साचलेली. गेल्या खेपेला गल्लीतल्या लोकांनी धक्का मारून चालू करून दिली होती, त्याच्या आधी शेजारच्यांच्या जीपला वायरी जोडून. तू गेल्यावर मी आणि हे अक्कलकुव्याच्या घरी राहायला आलो, तेव्हापासून गाडी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. ह्यांना चार चाकांची भीती वाटते आणि मला चालवता येत नाही. मी तिच्यावरची धूळ पुसते, उंदरांसाठी गोळ्या टाकते, विम्याची तारीख लक्षात ठेवते. महिन्या-दोन महिन्यांनी ती येते, खुंटीवरची किल्ली घेते आणि गाडी फिरवून आणते. तूच सांगून गेलीस तसं. "गाडी घरच ऱ्हाऊ द्या. ती येई तव्हय चलाई." म्हणजे सांभाळायची मी आणि चालवायची तिनं.

ती म्हणजे मणिबेलीची ती. तुझी दुसरी लेक. पहिली म्हणावं का असंही कधीकधी माझ्या मनात येतं.

ती आली तो दिवस मला स्वच्छ आठवतो. सरकारी दवाखान्यातल्या तुम्हा नर्सबाईंची बोटीतून जाणारी पाळी होती, नर्मदेकाठच्या गावांत. धरणाचं पाणी चढायला लागलं होतं, आणि तापानं फणफणलेली एक मुलगी तू मणिबेलीहून बरोबर घेऊन आलीस. ती बरी झाली तोवर तिचं घर पाण्यात गेलं होतं आणि तिच्या घरचे पुनर्वसनाच्या वसाहतीची वाट बघत नातेवाइकांकडं पडले होते. मग ती शाळेसाठी आपल्याकडंच राहिली. मी तिच्याहून तीनेक वर्षांनी मोठी. बाबा जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते, घरात तू आणि मी अशा दोघीच होतो, आणि मला तेच बरं वाटत होतं. एकदा मी तुला विचारलं, ही कधी जाणार? तू भाकरी थापत होतीस. परातीतून मान वर न करता म्हणालीस, "पानी उतरनं म्हंजे जाई." मी लहान होते गं. मी खरंच पाणी उतरायची वाट बघत बसले. दवाखान्यातलं कुणीही नदीकडून आलं की विचारायची, पाणी किती आहे? सगळे म्हणायचे, चढलंय. तू मला एवढं खोटं का सांगितलंस हे मला पुष्कळ मोठी झाल्यावर कळलं. तुला मला गप्प करायचं होतं.

आणि त्याच चुलीपुढं तू तिच्याकडून तिची भिलोरी शिकायचीस. ती एकेक शब्द सांगायची, तू तो चुकीचा म्हणायचीस, आणि ती ओढणी तोंडात धरून हसायची, मग तूही. मी गणिताची वही घेऊन बाजूला बसलेली. माझ्या आईच्या तोंडात मला न कळणारे शब्द होते, आणि ती त्यांनी खूश होत होती. मी शाळेत पहिली आले तेव्हाही तू हसली होतीस, पण ते हसणं निराळं, पाहुण्यांसमोर हसावं तसं.

गाडीचं तर काय सांगू. माझं लग्न होऊन मी शहाद्याला गेले. तू रिटायर झालीस आणि लोक देवाला जातात तशी तू ही जुनी, दुधाळ रंगाची गाडी घेतलीस. त्या वयात मैदानावर जाऊन शिकलीस, लगेच तिलाही शिकवलीस. आखाजीच्या सणाला मी माहेरी आले, तर स्टँडवर मला घ्यायला ही गाडी. चालवायला ती, शेजारी तू, आणि मागे माझी बॅग ठेवायला जागा केलेली. सासुरवाशीण मागच्या सीटवर बसली. वाटभर तुमच्या दोघींचं चाललेलं, गिअर बदल, आता हॉर्न दे, त्या म्हशीला जाऊ दे. मला तुमच्या पाठी दिसत होत्या. तुझ्या अंबाड्यात तिनं माळलेलं अबोलीचं फूल होतं. घरी आल्यावर मी म्हणाले, मलाही शिकव. तू म्हणालीस, "तुले काय करनं शे? तुन्हा घर शेतस ना चलावनारा." म्हणजे माझे सासरे आणि दीर. तू चिडून बोलली नव्हतीस. एखाद्या वस्तूची गरज नाही असं सांगावं तशी बोललीस, म्हणून तर ते जास्त लागलं.

तर आता ही बॅटरी. तिचा फोन आला, या रविवारी गाडी हवी आहे. तिची याहा, म्हणजे तिची खरी आई, आता थकली आहे, तिला एकदा नर्मदेवर जाऊन मणिबेलीकडचं पाणी बघायचं आहे. भाड्याची जीप कर म्हणाले तर म्हणाली, "ताई, याहाला मायच्याच गाडीत जायचंय." मी म्हणाले, गाडी मेली आहे. मला ते सांगताना बरं वाटलं, लपवत नाही. ती म्हणाली, "मग नवी बॅटरी घालू. मी शनिवारीच येते."

शनिवारी ती मोलगीहून आली. तिकडं ती तुझ्यासारखीच नर्स आहे, हे तुला माहीत आहे. आता तिच्या हाताखाली चौघीजणी आहेत हे माहीत नसेल. तिनं आल्या आल्या पाना घेऊन बॅटरी सोडवली. आधी काळी वायर, मग लाल. टोकांवर गरम पाणी ओतून भुकटी धुतली. मी विचारलं, हे कुणी सांगितलं? ती म्हणाली, "मायनं." मला माहीतच होतं, तरी विचारलं.

जुनी बॅटरी रिक्षात घालून आम्ही खापरला गेलो. अक्कलकुव्यात दुकानं आहेत, पण खापरच्या त्या मारवाडी कुटुंबाकडून तू बॅटरी घेतली होतीस, म्हणून तिला तिथंच जायचं होतं. म्हातारे शेठ आता गल्ल्यावर बसत नाहीत. त्यांची सून बसते, डोक्यावर ओढणी, हातात बॅटरीचं मीटर. तिनं जुनीला मीटर लावलं आणि मान हलवली. मग विचारलं, "गाडी रोज चालस का ताई?"

मी म्हणाले, नाही, उभीच असते.

मी फळीवरची सगळ्यात मोठी बॅटरी दाखवली. वॉरंटी सगळ्यात लांब, अंगानं जाडजूड. मला ती हवी होती. माझ्या आईची गाडी, माझ्या घरी उभी, बॅटरी मी घेणार. मग भारीच घेईन. ती मागून हळूच म्हणाली, "ताई, एवढी मोठी नको. उभ्या गाडीला मोठी घालून फायदा नसतो. माय असती तर..."

मी वळून म्हणाले, "माझी माय काय म्हणाली असती, ते तू मला सांगणार?"

गल्ल्यावरच्या सुनेनं मीटर खाली ठेवलं आणि वातावरण सावरायला म्हणून विचारलं, "तुम्ही दोन्ही बहिनी शेतस का?"

ती म्हणाली, हो. त्याच क्षणी मी म्हणाले, नाही.

तिनं खाली बसून जुनी बॅटरी उचलली आणि त्या मोठीला चिकटवून ठेवली. मोठी बोटभर जास्त रुंद निघाली, आणि लाल टोक जिथं उजवीकडं हवं तिथं डावीकडं. गाडीतली वायर तिथपर्यंत पोचलीच नसती. सून म्हणाली, "मंग मोठी लिसन काय करशात?" मग तिनं समजावलं, की मोठी असो की लहान, गाडी नुसती उभी राहिली की घड्याळ आणि अलार्म तिला थोडं थोडं खातच असतात. मापाची घ्या, आणि कंपनीतून नुकतीच निघालेली घ्या, कारण दुकानात पडून राहिलेली बॅटरीसुद्धा म्हातारी होत असते. तिनं दोन-तीन उलटून त्यांच्यावरचे छापलेले आकडे बघितले आणि मागची एक काढून दिली. जुनी ठेवून घेतली. निघताना म्हणाली, आठवड्यातून एकदा अर्धा तास रस्त्यावर चालवा, जागेवर नुसती चालू करून ठेवाल तर उपयोग नाही. चालवणारंच कुणी नसेल तर काळी वायर काढून ठेवा.

रिक्षात नवी बॅटरी आमच्या दोघींच्या पायांमध्ये होती. मला वाटलं ती रुसली असेल, आणि रुसावं असंही वाटत होतं. ती बाहेरच्या केळीच्या बागा बघत होती. घर यायच्या आधी एवढंच म्हणाली, "उद्या तूही चल ना, ताई. तिकडं कधी आलीच नाहीस तू."

मी का गेले, सांगता येत नाही. कदाचित तुझ्या गाडीतून त्या दोघी मायलेकी माझ्याशिवाय जातील हेच मला सोसलं नाही.

रविवारी सकाळी किल्ली फिरवताच गाडी सुरू झाली. वसाहतीतून याहाला घेतलं. ती पुढं बसली, मी मागं. माझी जागा तीच. मोलगीच्या पुढं घाट लागला, वळणावळणावर ती गिअर बदलत होती, आणि तिचा हात तुझ्यासारखाच, मुठीत न धरता तळव्यानं ढकलायचा. तुझा हात कुणाकडं राहिला, तर तिच्याकडं. माझ्याकडं तुझं नाक तेवढं आलं.

रस्ता संपतो तिथं खाली पाणी दिसलं. लांबवर, हिरवट, डोंगरांच्या मधे पसरलेलं. एक होडी माणसं आणि शेळ्या घेऊन निघाली होती. याहाला होडीत चढवेना, म्हणून ती दगडावर बसली आणि पाण्याकडं हात करून बोलायला लागली. कुठं काय होतं ते दाखवत असावी. इथं घर, तिथं मोहाचं झाड, असं. बराच वेळ बोलली. मग गाडीकडं वळून काहीतरी म्हणाली आणि माझ्याकडं बघितलं. लेकीनं खाली मान घातली.

मी विचारलं, काय म्हणाली?

"काही नाही, ताई."

"सांग."

ती म्हणाली, "याहा म्हणते, ही गाडी वसाहतीत आली की माझा जीव जळायचा. पोर भेटायला यायची, पण तुझ्या मायला घेऊन यायची. दोन घटका बसायची आणि परत तिच्याच शेजारी बसून निघून जायची. याहा म्हणते, पाण्यानं घर नेलं ते एकदाच नेलं. पोर मात्र दर खेपेला जायची."

माय, मी इतकी वर्षं समजत होते की या घरात जळणारी मी एकटी. मला त्या म्हातारीशी बोलायला शब्द नव्हते, तू शिकलीस ते मी शिकले नाही. मी लेकीला म्हणाले, "तिला सांग, मी पण जळायचे. तुझ्या पोरीवर. अजून जळते."

तिनं माझ्याकडं पाहिलं. वाटलं, हे ती सांगणार नाही. पण तिनं सांगितलं, जसंच्या तसं असावं, कारण ऐकून म्हातारी आधी थबकली आणि मग तोंडाला पदर लावून हसायला लागली. हसता हसता तिनं माझा हात धरून मला दगडावर शेजारी बसवलं. तिचा हात खरखरीत आणि गरम होता. आमच्या दोघींच्या हेव्याची कारणं, तू आणि ही, एक आमच्यासमोर उभी आणि एक आमच्यात नाही. उभी होती ती म्हणाली, "आणि मी कुणावर जळायचं ते कुणी विचारलंच नाही." विचारायला हवं होतं. पण तिनं लगेच डबा उघडला, आणि मी विचारलं नाही.

हे सगळं ऐकून माझा हेवा गेला असं तुला वाटेल. गेला नाही. परतीच्या वाटेवर याहा पेंगत होती आणि ती तुझ्या गोष्टी सांगत होती. घाटात एकदा तुम्ही पंक्चर होऊन बसलात आणि तू करवंदं खाऊन ओठ काळे केलेस. तापीच्या पुलावर गाडी थांबवून तू गाणं म्हटलंस. तुझा आवाज चांगला होता हे मला माहीतच नव्हतं. मी हसत ऐकत होते आणि आतून करपत होते. ते सगळे रस्ते तिचे. गाणं म्हणणारी तू तिची. मला मिळालीस ती भाकरी थापणारी, गणित तपासणारी, थकून दवाखान्यातून येणारी.

याहाला वसाहतीत सोडून आम्ही संध्याकाळी घरी आलो. तिनं गाडी शेडमध्ये लावली, पण उतरली नाही. म्हणाली, "ताई, मला दर आठवड्याला यायला जमत नाही. बॅटरी अशीच परत जाईल. मी शिकवते तुला. महिनाभरात येईल. मग तुझी तू बाजारात जा, शहाद्याला जा." आणि खरंच उतरून माझ्यासाठी दार उघडून उभी राहिली. स्टिअरिंगच्या बाजूचं दार.

मी म्हणाले, माझे गुडघे दुखतात.

हे कुठं पाठवायचं नाहीच, म्हणून लिहिते. गुडघे ठणठणीत आहेत माझे. आधी वाटलं, जे तू दिलं नाहीस ते तिच्या हातून घ्यायचं नाही, एवढाच माझा हट्ट असेल. पण तसं नाही. मला चालवायला आलं तर गाडी माझ्याच हातानं आठवड्याला फिरेल, बॅटरी टिकेल, आणि तिला इथं यायचं कारण उरणार नाही. ती आली नाही, तर तुझ्यावरून भांडायला मला दुसरं कोण आहे?