सरुताईची हातगाडी आणि माझा फुल विमा

बुऱ्हाणपूर

चि. निरंजन,

सुपडूभाऊचा आशीर्वाद. कागद कारखान्यातली पाळी बदलली का, सुनीताचा गुडघा कसा आहे, ते कळव. फोनवर तू नुसतं हो-हो करून ठेवतोस, म्हणून लिहितो.

आधी खरा हिशेब. हातगाडी एकवीस हजार, जिलेबीची कढई चार हजार. हे तुझ्या सरुताईचं नुकसान. मागचा दिवा अन् डिक्की, चौदा हजार. हे माझं. दोन्ही मीच केलं, कार मागं घेताना. (इंजिनाचा बिघाड मी नुसत्या कानानं ओळखतो, पण ती 'भाऊ, थांब!' ओरडली, तेव्हा वाटलं जिलेबी खायला बोलावते.) तिला खरचटलंही नाही, देवीची कृपा.

घाबरू नकोस. सायकलवर केळी विकून कारपर्यंत आलेला माणूस विमा डोळे मिटून घेत नसतो. ललित एजंटाला दोन चहा पाजून मी सगळं वदवून घेतलं होतं. थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर. तो कायद्यानं घ्यावाच लागतो. ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीचं. दोन्ही मिळून आपल्याकडे म्हणतात तो फुल विमा. वर झिरो डेप, म्हणजे पार्ट जुना झाला म्हणून कंपनी पैसे कापत नाही. मी सगळंच घेतलं अन् भर चौकात सांगितलं, दर क्लेमला कंपनी कापतेच ते फाइलचे हजार सोडले तर माझ्या पदरचा रुपया जाणार नाही. आठवड्यात डिक्की नवी!

राहिली सरुताई. ललित म्हणाला, तिचेही पैसे कंपनीच देईल, पण आधी तिनं माझ्यावर पोलिसात रिपोर्ट लिहायची, मग ट्रिब्यूनलात, म्हणजे अपघाताच्या भरपाईच्या कोर्टात, अर्ज. मी म्हटलं, चल ठाण्यात. तर माझ्यावरच उखडली, "पंधरा वर्षं राखी बांधते तुला, अन् तुझं नाव ठाण्यात लिहू? हातगाडी गेली, आता भाऊ पण घालवू?" तुझी मालूवहिनी समजवायला गेली अन् तिच्यासोबत रडून परत आली. शेवटी मी एकटाच ठाण्यात गेलो, माझ्यावरच रिपोर्ट घ्या म्हटलं. मुंशी म्हणाला, "काकाजी, फरियादी भी आप, मुलजिम भी आप? घर जाओ, ठंडा पानी पियो."

इकडे इच्छापूरची जत्रा आठ दिवसांवर. तिचं अर्धं वर्ष त्या जत्रेवर निघतं, हे तुला मी काय सांगू. ओट्यावर बसून नुसता झारा पुसत असते. तुला कळवू नको म्हणते.

तुझा,
सुपडूभाऊ

ता. क. असली गोष्ट ही, की रविवारी ये अन् बहिणीला ठाण्यात ने. माझ्याविरुद्ध वाट्टेल ते लिहू दे. 'बेफिकीरपणे' हा शब्द आठवणीनं घालायला लाव. ललित म्हणतो, त्यानं केस पक्की होते.

आणखी ता. क. पत्र टाकायचं राहिलं. मधे ट्रिब्यूनलाच्या तारखा कशा पडतात ते ऐकून आलो. (जत्रा कोणत्या वर्षीची, ते विचारावं लागेल.) तेव्हा येऊ नकोस. नवी हातगाडी अन् कढई काल तिच्या दारात पोचली. कंपनीनं पाठवली, असं मी सांगितलंय. तिनं विचारलं तर 'हो, कंपन्या असंच करतात' एवढंच म्हण. घरात शिकलेला तू, तुझंच ती खरं मानते. खूश आहे. कंपनीचं नाव हातगाडीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घे म्हणते.

पंचवीस हजार माझ्या गल्ल्यातले होते. रंगाऱ्याचे तीनशेही.