आगीच्या घोड्याच्या वर्षातली नात

प्रिय आई,

तुला नात झाली. आज सासूबाईंनी पुण्याहून फोन करून पत्रिकेसाठी तिची जन्मवेळ विचारली आणि मला तुझी इतकी आठवण आली, की लिहायलाच बसले.

माझी जन्मवेळ तू किती सहज पुढे सरकवली होतीस! मंगळ गेला, लग्न जमलं. "नितीनला सांगू नकोस," एवढं बजावून तू मोकळी झालीस. आणि मी? नितीन शिंकला तरी माझा जीव खालीवर. तुला हे सांगायचं राहूनच गेलं.

आता इथली गंमत ऐक. नागोयाच्या हॉस्पिटलात चार नंबरची खोलीच नाही. जपानीत 'चार' आणि 'मरण' यांचा उच्चार म्हणे एकच. मी खूप हसले. मग आम्ही घरी परतलो आणि शेजारच्या मोरीसान बाळ बघायला आल्या. मुलगी म्हटल्यावर त्यांचा चेहराच पडला. यंदा घोड्याचं वर्ष, त्यातही आगीच्या घोड्याचं. साठ वर्षांनी एकदा येतं आणि त्यात जन्मलेली मुलगी नवऱ्याच्या जिवावर उठते, अशी इथली जुनी समजूत. म्हणजे मंगळाच्या आईला घोड्याची लेक! तू असतीस तर बाळाचं वर्षच सरकवलं असतंस.

माझं तोंड पाहून मोरीसान हळूच म्हणाल्या, "मीसुद्धा तशाच वर्षातली."

मी दाराकडे पाहिलं. त्यांचे यजमान बूट काढत होते, काखेत आमच्यासाठी आणलेला भला मोठा मुळा.

"रोज पहाटे पळायला जातात," मोरीसान म्हणाल्या. "त्यांना सांभाळून मीच दमले."

ते गेल्यावर मी नितीनला मंगळाचं सगळं सांगून टाकलं.

"म्हणून दरवर्षी माझं फुल बॉडी चेकअप करवतेस?"

"हो."

"मला वाटलं, प्रेम आहे."

"तेही आहे."

मग तो हसतच सुटला आणि मी रडले.

तुझ्यावर राग नाही. नकारामागून नकार यायचे तेव्हा तू देवघरात बसून डोळे पुसायचीस, ते मी पाहिलंय. पण एवढी भीती माझ्या एकटीच्या पदरात का टाकून गेलीस?

सासूबाईंना मी घड्याळात होती तीच वेळ कळवली. आणि तुला शब्द देते, हिला कुणी जन्मवर्ष विचारलं तर ती मान वर करून सांगेल, अशीच मी तिला वाढवीन. घाबरायचं की नाही, ते माझ्या होणाऱ्या जावईबापूंनी ठरवावं.

तुझी,
मृणाल