त्याला ती कादंबरी फार आवडली

४ ऑक्टोबर, शनिवार

तायलान आज वाचक-मंडळात आला!

पुस्तकांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत आम्ही बसलो होतो, चहाचे पेले भरलेले, आणि दार ढकलून हा आत. दुकानच ते, कोणीही येणार. वसंतात मी त्याच्याशी झालेला साखरपुडा मोडला हे इथे कोणालाच माहीत नाही. त्यानं नुसती मान हलवली, मला पहिल्यांदाच बघत असल्यासारखी.

या महिन्यातली कादंबरी ती, जी सध्या सगळं एस्किशेहिर शहर वाचतंय. एक शिंपी एका मुलीच्या मागे लागतो. तिचं ठरलेलं लग्न मोडतो, तिच्या समोरच्या इमारतीत खोली घेतो, वर्षानुवर्षं खिडकीत उभा राहतो. शेवटी ती दमते आणि ‘हो’ म्हणते. मला शेवटची पानं वाचवेनात. बाकी सगळे विरघळलेले! दुकानदार बेहचेतदादा म्हणाले, “अशी माणसं आता राहिली नाहीत.” नाझमिये मावशी तर टेबलावर हात आपटून — “याला म्हणतात प्रेम! तुम्हा पोरांना फोनवर बदाम पाठवण्यापलीकडे येतं काय?” सत्तरी ओलांडलेल्या विधवा बाई, पण मंडळात त्यांच्यापुढे कोणाची बोलायची छाती नाही.

मग तायलान बोलला. काय सुंदर बोलला! हळू आवाजात, शब्द निवडून. “तो तिचा पाठलाग करत नव्हता. तो तिची वाट बघत होता.”

 मी पेला खाली ठेवला आणि पुस्तक मिटलं.

५ ऑक्टोबर

आईला सांगितलं. “पुस्तकं वाचायला लागला? मग सुधारलाच की गं!”

साखरपुडा मोडला तेव्हा दंडावर त्याच्या बोटांचे वळ होते, ते मी तिला दाखवले नाहीत. पूर्ण बाह्यांचे कपडे घालून फिरले. आता दाखवायला काही नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

आज मी काम करते त्या चष्म्याच्या दुकानात आला. “वाचून डोळे दुखतात.” मालक काउंटरवरून म्हणाले, “गुलरिझ, साहेबांची नजर तपासून घे.”

तपासणीची खोली अंधारी. दार लावावं लागतं. मी यंत्राच्या एका बाजूला, तो दुसऱ्या बाजूला — त्याचा श्वास माझ्या हातावर येत होता. अक्षरं दाखवली. सगळ्यात खालची ओळसुद्धा न अडखळता वाचली. म्हटलं, “नजर चांगली आहे. चष्मा लागणार नाही.”

“माहीत आहे,” म्हणाला. “मला लांबचं अगदी स्वच्छ दिसतं.”

११ ऑक्टोबर, शनिवार

मंडळात गेले नाही. बेहचेतदादांचा फोन. “अगं, तायलाननं आम्हाला सगळं सांगितलं! तुझ्या एका ‘नाही’नं किती खचलाय बिचारा. बायका रडल्या गं.”

म्हणजे आता तिथेही तोच आहे.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आईनं त्याला जेवायला बोलावलं. मला विचारलं नाही, कामावरून आले तर तो माझ्या खुर्चीवर. खिमा भरलेली मांती केली होती, दही-लसूण घालून. त्यानं दोनदा मागून घेतली, आईच्या हाताची तारीफ केली.

मग तोंड पुसत म्हणाला, “मी आता शेजारीच असणार, काकू. समोरच्या इमारतीत खोली मिळाली. चौथा मजला.”

आई हसायला लागली. “अगंबाई! त्या कादंबरीतल्यासारखंच!”

मी ताट तसंच ठेवून न्हाणीघरात गेले, कडी लावली.

१५ ऑक्टोबर

दिवसाढवळ्या पडदे ओढून बसले आहे. फटीतून बघायचीही हिंमत होत नाही. पण तो तिथे आहे हे बघायला कशाला लागतं?

१८ ऑक्टोबर, शनिवार

गेले मंडळात. घरात बसण्यापेक्षा चार माणसांत बरं, असं वाटलं. तो माझ्या शेजारी येऊन बसला. त्याला जागा द्यायला सगळे सरकले! हसत हसत सरकले.

पुन्हा शेवटाचाच विषय. नाझमिये मावशींनी अचानक त्याला विचारलं, “का रे, आणि ती शेवटपर्यंत ‘नाही’च म्हणत राहिली असती तर?”

तो हसला. “नाही कशी म्हणेल, मावशी? आणि म्हणालीच असती, तर दुसऱ्याला थोडीच मिळाली असती? जिवंतपणी तरी नाही.”

सगळे हसले. बेहचेतदादा म्हणाले, “वा! अगदी शिंप्यासारखं बोललास!”

मावशी हसल्या नाहीत. माझ्याकडे बघत राहिल्या. निघताना माझं मनगट धरलं ते ट्रामच्या थांब्यापर्यंत सोडलं नाही. तो मागून येत होता. मावशी वळून ओरडल्या, “रस्ता बदल, मेल्या!” आणि माझ्याबरोबर ट्राममध्ये चढल्या.  दारात सोडताना एवढंच — “सोमवारी सकाळी येते. तयार राहा.”

२० ऑक्टोबर, सोमवार

मावशी मला पोलीस ठाण्यात घेऊन गेल्या आणि संध्याकाळपर्यंत हुकूम निघाला. तायलाननं माझ्या आसपास फिरकायचं नाही, खोलीही सोडायची.

पोलीस आधी तक्रार लिहूनच घेईना. “अहो आजी, प्रेमात पडलेलं पोर आहे ते. हात उचललाय का त्यानं?” दंडावरचे वळ तर कधीच मिटलेले.

मावशी म्हणाल्या, “आमच्या यजमानांनीही कधी उचलला नाही. समोर खोली घेऊन राहिले फक्त. मी दमले, ‘हो’ म्हटलं. चाळीस वर्षं संसार केला, पण एक दिवस भीतीवाचून गेला नाही. त्याला प्रेम म्हणायचं नाही, तर मग मी जगले काय? म्हणून ते पुस्तक एवढं उचलून धरलं, साहेब. आता या पोरीचं लिहून घ्या.”